डोळ्यात चुना गेला? लिंबू नको, पाणी ओता!

मार्च महिन्यातली दुपार होती. सकाळचे पेशंट संपवून मी जेवायला निघालो होतो, तोच दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. आजोबांच्या कडेवर सहा वर्षांचा नातू होता. पोराने दोन्ही मुठी उजव्या डोळ्यावर गच्च दाबून धरल्या होत्या आणि तो जिवाच्या आकांताने रडत होता. मागून त्याचा थोरला भाऊ उतरला. त्याच्या हातात अर्धे पिळलेले लिंबू तसेच होते.

"डॉक्टरसाहेब, चुना गेला हो डोळ्यात," आजोबा म्हणाले. "माझीच ट्यूब. खेळता खेळता दाबली अन् फुटली."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास झाला असंल. आधी घरीच बघितलं. ह्याने लिंबू पिळलं."

मी थोरल्याकडे पाहिले. पोरगा ओळखीचा वाटला. तोच म्हणाला, "सर, चुना आम्लारी आहे ना? म्हणून मी आम्ल घातलं. उदासिनीकरण व्हायला पाहिजे होतं."

वाचकहो, तेव्हा मला आठवले. त्याच वर्षी जानेवारीत गावातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मी प्रमुख पाहुणा होतो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आणून दोघांचाही गुण कसा नाहीसा होतो, हे या मुलाने हळदीच्या पाण्यावर झकास दाखवले होते. पहिले बक्षीस मीच त्याच्या हातात दिले होते. वर भाषणात सांगितले होते, "मुलांनो, शाळेत शिकलेले घरात वापरा!"

त्याने वापरले होते. आजचा लेख त्या दुपारवर आणि माझ्या भाषणात जे सांगायचे राहून गेले त्यावर आहे.

उदासीन म्हणजे काय?

शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षे झाली, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर हे आंबट पदार्थ आम्लधर्मी. चुना, धुण्याचा सोडा, साबण, राखेचे पाणी हे हाताला बुळबुळीत लागणारे पदार्थ आम्लारीधर्मी. आणि जे यातल्या कोणत्याच बाजूचे नाहीत ते उदासीन. व्यवहारात उदासीन म्हटले की आपल्यापुढे तोंड पाडून बसलेला माणूस येतो. रसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ एवढाच, की हा पदार्थ दोघांच्या भांडणात कोणाचीच बाजू घेत नाही. शुद्ध पाणी, मीठ, साखर ही त्याची घरातली उदाहरणे.

ओळखायचे कसे? आपल्या बायाबापड्यांना ही परीक्षा पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, फक्त तिचे नाव माहीत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप करतात, तोही लाल होतो. आम्लारी भेटले की हळद लाल होते. आम्लात आणि उदासीन पाण्यात ती पिवळीच राहते. जास्वंदीच्या लाल पाकळ्यांचे पाणी त्याहून हुशार. ते लिंबाने लालगुलाबी होते आणि चुन्याने हिरवट होते. साखरेच्या किंवा मिठाच्या पाण्याने त्याच्यात काहीच फरक पडत नाही. प्रयोगशाळेतला लिटमस काढतात तोदेखील दगडफुलाच्या जातकुळीतल्या वनस्पतींपासून. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा तो लांबचा भाऊबंदच.

हे आकड्यात मोजण्याची पद्धत १९०९ साली डेन्मार्कमधील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने काढली. आपले शेतकरी बंधू माती तपासून आणतात तेव्हा कागदावर 'सामू' लिहिलेला असतो, तोच हा आकडा. ७ म्हणजे उदासीन. त्याच्या खाली आम्ल, वर आम्लारी. मात्र हे आकडे रुपये-पैशासारखे मोजू नयेत. एक पायरी चढली की जोर दहापट वाढतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते अडीचच्या आसपास असतो आणि चुन्याच्या संपृक्त पाण्याचा १२ च्याही वर. अश्रूंचा सामू ७ च्या जवळपास असतो. म्हणजे आपला डोळा उदासीनतेच्या काठाने राहणारा अवयव. त्या पोराच्या डोळ्यात आधी एका टोकाचा पदार्थ गेला आणि मागोमाग दुसऱ्या टोकाचा.

चुना आम्लापेक्षाही दगाबाज

डोळ्यात ॲसिड गेले तर भयंकर आणि चुना काय, रोज खातोच की आपण, असा समज सर्वत्र दिसतो. तो चुकीचा आहे. जोरदार आम्ल डोळ्याची हानी करतेच, पण ते वरच्या थरातली प्रथिने गोठवते आणि त्या गोठलेल्या थरामुळे त्याचा आत जाण्याचा वेग बऱ्याच वेळा कमी होतो. आम्लारीचे तसे नाही. पेशींच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. आम्लारी त्यांचा चक्क साबण करते आणि वाट काढीत आत शिरते. वरून डोळा फारसा लाल दिसत नसतानाही आत काम चालू असते. त्यातून चुना हा पातळ पदार्थ नव्हे. त्याचे कण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि तासन्‌तास झिरपत राहतात.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्याने पांढरा पडू शकतो. त्या पडद्याच्या कडेला नव्या पेशी तयार करणारी एक पट्टी असते. ती जळाली तर पडद्याची डागडुजी करणारे कोणी उरत नाही. नुसता पडदा बदलून तेथे काम भागत नाही. वारेचे पातळ आवरण बसवणे, दुसऱ्या डोळ्यातून मूळपेशी आणून लावणे अशा शस्त्रक्रिया आता आपल्या देशातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत होतात. पण त्या लांबच्या, खर्चाच्या आणि यशाची हमी नसलेल्या. पहिल्या काही मिनिटांत घरातल्या मोरीत जे होते, त्याची बरोबरी त्यातली कोणतीही करू शकत नाही.

मग लिंबाने का भागत नाही?

पोराचे गणित कागदावर चूक नव्हते. आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे खरेच आहे. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्ही कातडी जाळणारे. पण ते बेताने एकत्र आले की आपल्या ताटातले मीठ आणि पाणी तयार होते. मग डोळ्यात हे का चालू नये?

पहिले कारण उष्णता. प्रयोगशाळेत परीक्षानळीत आम्ल आणि आम्लारी मिसळताना नळी हाताला गरम लागते, हे ज्यांनी प्रयोग केला त्यांना आठवेल. आधीच जळालेल्या नाजूक पडद्यावर आणखी उष्णता कशाला?

दुसरे कारण माप. प्रयोगशाळेत आपण थेंब थेंब मोजून टाकतो आणि रंग बदलला की थांबतो. डोळ्यात किती चुना गेला ते कोणाला ठाऊक? आम्ल कमी पडले तर चुना शिल्लक राहतो आणि जास्त झाले तर आम्ल. चुन्याच्या खड्यांवर तर रस वरवरच लागतो, आतला खडा तसाच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे वेळ. लिंबू शोधायचे, कापायचे, पिळायचे. लिंबाने डोळा असा झोंबतो की मूल पापण्या घट्ट मिटून घेते आणि नंतर पाणीसुद्धा घालू देत नाही. त्या दिवशी तेच झाले होते. लिंबाने किती नुकसान केले आणि चुन्याने किती, हे मला आजही वेगळे काढून सांगता येणार नाही. पण अर्धा तास गेला, एवढे नक्की.

पाणी या तिन्ही परीक्षांना उतरते. ते उदासीन आहे, म्हणून कितीही ओतले तरी 'जास्त झाले' असे होत नाही. ते पातळ करते, उष्णता ओढून घेते, कण वाहून नेते. शिवाय ते प्रत्येक घरात तांब्याभर तरी असतेच. डोळ्यात आम्ल गेले की आम्लारी, हेही त्याला विचारावे लागत नाही.

त्या दुपारी मी पोराला टेबलावर आडवे केले. बधिर करणारे थेंब घातले, सलाईनची बाटली टांगली आणि नळीची धार डोळ्यात सोडली. सलाईन म्हणजे तरी काय, लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. दोन उदासीन पदार्थांची जोडी! वरची पापणी उलटली तेव्हा आत चुन्याचे पांढरे कण दिसले. ते ओल्या कापसाच्या काडीने एकेक टिपले. मधून मधून थांबून, लघवी तपासायच्या पट्टीवर सामूचा जो चौकोन असतो तो खालच्या पापणीच्या खोबणीत टेकवून पाहिला. पहिल्यांदा तो गडद निळा झाला. चौथी बाटली संपत आली तेव्हा कोठे हिरवट राहिला, म्हणजे ७ च्या आसपास. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले, हिरवटच. मग त्याच रिक्षाने त्यांना जिल्ह्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले.

उदासीन त्रिकूट

उदासीन पदार्थांचे उपकार डोळ्यापुरते नाहीत. पाणी, मीठ आणि साखर, तिघेही उदासीन. हे त्रिकूट हगवणीत सुकत चाललेल्या मुलाला मृत्यूच्या दारातून परत आणते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलऱ्याने माणसे पटापट जात होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात कालवून ते पाणी पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. तेथील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यातली गंमत अशी, की आतड्याच्या भिंतीत साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे असते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते साखरपाणी पुरत नाही. दुकानातल्या किंवा सरकारी दवाखान्यातल्या ओआरएसच्या पुडीत याशिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट असते, कारण जुलाबावाटे आम्लारी निघून जाऊन रक्त आम्लतेकडे झुकते. म्हणून पुडी असेल तर पुडीच द्यावी. नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा घालावा. मीठ अंदाजाने टाकू नये.

रक्ताचे म्हणाल तर ते अगदी ७ वर नसते. ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे त्याला अहोरात्र सांभाळतात. आजकाल 'अल्कलाइन पाणी' करणारी महागडी यंत्रे विकायला येतात. अशा पाण्याने रक्ताची आम्लता जाते, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा. पोटातल्या जठररसाचा सामू दीड ते साडेतीन असतो, त्यातून तुमचे पाणी अल्कलाइन राहून पुढे जाणार कसे?

उदासीन, पण निरुपद्रवी नव्हे

एवढी स्तुती केल्यावर दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. लिटमसचा रंग बदलला नाही म्हणजे पदार्थ निर्धोक, असे मुळीच समजू नये.

रॉकेल उदासीन आहे. ते पोटात गेले असता उलटी करवली तर ते फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. मीठ उदासीन आहे. पण विष पोटात गेले म्हणून घाईघाईने घट्ट मिठाचे पाणी पाजल्यास लहान मुलाच्या रक्तातले मीठ वाढून मेंदूवर परिणाम होतो. अशा पाण्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

मिथाइल अल्कोहोलही उदासीन आहे. चवीला आणि वासाला ते साध्या दारूसारखेच. पण यकृतात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, मुंग्यांच्या अंगात असते तेच. ते आम्ल डोळ्याच्या नसेवर घाव घालते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, ती मिथाइल अल्कोहोलमुळे. बाटलीत तटस्थ दिसणारा पाहुणा शरीरात शिरल्यावर रंग बदलतो, तो असा.

सर्वांत फसवा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याला उदासीन ऑक्साइड म्हणतात. गंधकाचा धूर आम्लधर्मी, तो नाकाला झोंबतो, खोकला येतो आणि माणूस बाहेर पळतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना झोंब. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा दारे लावून पेटवलेली कोळशाची शेगडी माणसाचा जीव घेते ती यामुळेच. गिझर न्हाणीघराबाहेर बसवा आणि खिडकी उघडी ठेवा.

लक्षात ठेवा

१. चुना, ॲसिड, फिनाइल, काहीही डोळ्यात गेले तरी त्या क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरा. निदान वीस ते तीस मिनिटे. पापण्या बोटांनी उघड्या ठेवा. डोके त्या बाजूला कलते ठेवा, म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.

२. डोळा चोळू नका. लिंबू, दूध, तूप, मध, गुलाबपाणी काही घालू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

३. धुऊन झाल्यावर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच. पापणी उलटून पाहणे आवश्यक असते. दवाखाना लांब असेल तर वाटेतही पाणी घालत राहा.

४. अंगावर कोरडा चुना पडला तर आधी झटकून टाका, मग भरपूर पाण्याने धुवा.

५. ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेले तर उलटी करवू नका. सोडा किंवा लिंबू पाजू नका. तोंड धुवा आणि थेट रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या.

६. चुन्याची ट्यूब आणि पुडी म्हणजे मुलांना खेळणेच वाटते. ती सदऱ्याच्या खिशात, उशाशी, कट्ट्यावर ठेवू नका.

आता त्या पोराचे काय झाले, ते सांगतो. डोळा वाचला. बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरट डाग राहिला आहे आणि त्या डोळ्याने फळ्यावरची बारीक अक्षरे त्याला दिसत नाहीत. तो पहिल्या बाकावर बसतो. आजोबांनी तंबाखू सोडलेली नाही, चुन्याची ट्यूब मात्र आता फडताळाच्या वरच्या कप्प्यात असते. तंबाखूवर त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे.

थोरला चार दिवसांनी एकटाच दवाखान्यात आला होता. बाकावर बसून राहिला. शेवटचा पेशंट गेल्यावर त्याने विचारले, "सर, मी नसतो तर त्याचा डोळा चांगला राहिला असता का?"

मी म्हणालो, "तू शिकलेलं वापरलंस. कुठं वापरायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही."

त्यानंतरच्या वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडून दहा मिनिटे मागून घेतली. व्यासपीठावर हळदीच्या पाण्याचा पेला ठेवला, त्यात चिमूटभर चुना टाकला. पाणी लाल झाले. "आता काय घालाल?" असे विचारताच अख्ख्या शाळेने एका सुरात "लिंबू!" म्हटले. मी थोरल्याला वर बोलावले. त्याने काही न बोलता बादली पुढे ओढली आणि तांब्याने पेल्यात पाणी ओतायला सुरुवात केली. पेला भरून वाहू लागला, तरी तो ओतत राहिला. लाल रंग फिका होत होत शेवटी पेल्यात नितळ पाणी उरले. एवढ्यालाच बरीच मिनिटे लागली. मुले कंटाळून चुळबूळ करू लागली.

"मोजा," मी त्यांना म्हणालो. "डोळ्यासाठी याहून जास्त वेळ लागतो."